फिगरचा मामला

फिगरच्या गप्पा जिममध्ये मारायच्या असतात, मान्य. पण मी महिनाभर फुलपाखरांच्या फिगरमध्ये डोकं घालून बसलेय. हसू नका!

झालं असं, की आमची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही परळला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. आईने कपाट सोडलं, पलंग सोडला, पण गॅलरीतला डालड्याच्या डब्यातला कढीपत्ता सोडेना. पॅकिंग माझ्याकडे. त्यात एका लेखाची डेडलाइन. मी झाड आडवं करून खोक्यात कोंबलं. फांदीवर कॉमन मॉरमॉनचा कोष होता, तो पाहिलाच नाही. ‘अगं, झाड काढ बाहेर,’ असं आई दोन दिवस म्हणत होती. काढलं तेव्हा कोष रिकामा आणि खोक्याच्या कडेला काळी मादी. उजवा मागचा पंख चुरगळलेला.

कोषातून बाहेर आल्यावर पंख ओल्या रुमालासारखे असतात. फुलपाखरू लटकतं, अंगातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये पंप करतं, मग पंख पसरून वाळतात. लटकायला जागाच नसेल तर घडी तशीच वाळते. नंतर इस्त्री नाही.

गिल्ट आला की मी वाचत सुटते. कळलं ते असं : पंख हलवणारे स्नायू छातीत असतात. पक्ष्यांना चविष्ट लागणारी फुलपाखरं बहुधा जाड छातीची, आखूड पोटाची. वजन पंखांच्या बुंध्याशी, त्यामुळे गर्रकन वळतात. सोसायटीतल्या आसुपालवावर वाढणारा टेल्ड जे बघा, मध पितानाही पंख फडफडवतो. याउलट प्लेन टायगर. दादरच्या फुलबाजारात मारुतीसाठी ज्या रुईच्या पानांचे हार मिळतात, त्याच रुईवर त्याची अळी वाढते. तो पक्ष्यांना कडू लागतो. मग घाई कशाला? सडपातळ अंग, लांब पोट, आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरच्या आजोबांसारखी रमतगमत चाल.

आमची बाई तिसऱ्याच जातीची. चवीला चांगली, पण सोंग विषारी कॉमन रोझचं. जपानी संशोधकांनी २०१५ साली दाखवलं, की अशा सोंगाड्या माद्या उडण्याची ढबही रोझचीच उचलतात. फक्त अंग फसतं : रोझचं लाल, हिचं काळं.

आता माझी करामत ऐका. २००८ मधल्या एका अमेरिकन प्रयोगात मागचे पंख काढूनही फुलपाखरं उडाली, पण हुलकावणी देणं जमेना. म्हणजे ही उडेल, पण झुकांडी देता येणार नाही. बरं, सोंगाच्या जोरावर निभावेल म्हणावं, तर लाल-पांढरे ठिपके नेमके मागच्या पंखांवर. अर्धा मेकअप मीच चुरगळलेला!

दोन दिवस मी तिला कापसावर साखरपाणी दिलं. तिसऱ्या सकाळी आईने खिडकी उघडली. समोरच्या टाकीवर नेहमीचे दोन कावळे.

‘थांब ना, जाऊ देत ते,’ मी म्हटलं.

‘ते कधी जातात?’ आई म्हणाली.

ती उडाली. थोडी डावीकडे कलत, नाकासमोर, खालच्या मजल्यावरच्या लिंबाच्या कुंडीकडे. एका कावळ्याने मान वळवली. ती ग्रिलच्या आत शिरली आणि दिसेनाशी झाली.

आईने दिवसभर खिडकी लावली नाही.