अर्धे शटर

महासाथीच्या पहिल्या दिवसांची आठवण निघाली की दोन चित्रे हटकून पुढे येतात. एक २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजताचे, गॅलऱ्यांत उभे राहून टाळ्या-थाळ्या वाजवणाऱ्या गुणी जनतेचे. दुसरे ४ मे रोजीचे, दारूच्या दुकानांपुढच्या लांबच लांब रांगांचे आणि त्या पांगवणाऱ्या दांडक्यांचे. दोन्हींत अंतर सहा आठवड्यांचे. एवढ्यात गुणी माणसे अवगुणी झाली, असा निष्कर्ष अनेक दिवाणखान्यांत आणि वाहिन्यांच्या पडद्यांवर काढला गेला. तो चुकीचा होता. ४ मे रोजी रांगेत उभा असलेला माणूस सरकारनेच उघडायला परवानगी दिलेल्या दुकानापुढे उभा होता. दुकाने उघडली तर गर्दी उसळेल, हे कळायला साथरोगतज्ज्ञ असावे लागत नाही. तरीही ती उघडली, गर्दी झाल्यावर मुंबईत दुसऱ्याच दिवशी पुन्हा बंद करण्याचा आदेश निघाला आणि बोल मात्र रांगेला लावला गेला. लोक तेच होते. त्यांना मिळणारी वागणूक बदलली होती.

मार्चमधला क्रम आठवून पाहावा. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. १३ तारखेला, विधिमंडळाचे अधिवेशन सुरू असताना, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी १८९७ चा साथरोग कायदा लागू होत असल्याचे सांगितले आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर इथली चित्रपटगृहे, व्यायामशाळा, तरणतलाव बंद झाले. पाठोपाठ शाळा आणि मॉल. २० तारखेला मोठ्या शहरांतली जीवनावश्यक वगळता सारी दुकाने आणि कार्यालये बंद ठेवण्याची घोषणा झाली. २२ च्या मध्यरात्री लोकल थांबली. २००६ च्या बॉम्बस्फोटांनंतर काही तासांत पुन्हा धावू लागलेली ही गाडी. ती थांबली तेव्हा मुंबईकराला प्रकरणाचे गांभीर्य जेवढे कळले, तेवढे कोणत्याही फलकाने कळले नसते. २३ ला राज्यभर संचारबंदी.

या दहा दिवसांत लोकांनी कुरकुर केली, पण ऐकले. मंगल कार्यालयांना दिलेली आगाऊ रक्कम अडकली तरी लग्ने पुढे ढकलली. नाटकवाल्यांचा ऐन सुट्टीतला हंगाम गेला, गावोगावच्या चैत्रातल्या जत्रा रद्द झाल्या आणि त्यांच्यावर वर्षाची भाकरी अवलंबून असलेले तमाशाचे फड, पाळणेवाले, खेळणीवाले हात बांधून बसले. तरी उठाव झाला नाही. एकेक पायरी चढत गेल्यामुळे किराणावाल्याला माल भरून ठेवता आला, परगावच्या मुलांना खोल्या सोडून घर गाठता आले. बंद कशासाठी, तो कुठवर, हे रोज कोणीतरी समजावून सांगत होते. राज्यकर्त्यांचा सूर वडीलधाऱ्याचा होता, जमादाराचा नव्हता.

मग २४ मार्चची रात्र आली. आठ वाजता पंतप्रधानांचे भाषण, बारापासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी. मधे चार तास. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. भाषणातला सारा भर उंबरठा न ओलांडण्यावर होता. दाणागोटा कुठून मिळणार याचा खुलासा मागाहून आला. परिणाम व्हायचा तोच झाला. तोंडाला रुमाल बांधून जो तो तूरडाळ, दूध आणि रक्तदाबाच्या गोळ्या मिळवायला धावला आणि ज्या गर्दीला टाळायचे होते तीच गर्दी देशभरच्या दुकानांपुढे एकाच वेळी उभी राहिली. त्या रात्री लोकांनी आज्ञा मोडली असे म्हणता येणार नाही. तेव्हा आज्ञा लागूही झाली नव्हती.

या गोंधळातून आमचा धंदाही सुटला नाही. विक्रेत्यांनी अंक उचलणे थांबवल्याने मुंबईत काही दिवस वर्तमानपत्रे घरी पोचलीच नाहीत. १८ एप्रिलच्या शासन आदेशाने तर छपाईला मुभा दिली आणि घरोघरी वाटपाला मनाई केली. दाराला अडकवलेली दुधाची पिशवी चालते आणि वर्तमानपत्र चालत नाही, यामागचे शास्त्र कोणी सांगितले नाही. ओरड झाल्यावर मनाई आटोपशीर झाली. एवढ्यावरून कळते की कागद काळा करणाऱ्यांची ओरड मंत्रालयापर्यंत लवकर पोचते. भांडी विकणाऱ्याची किती दिवसांनी पोचत असेल?

त्याने वाट पाहिली नाही. त्याने शटर अर्धे खाली ओढले. हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा शहरी वाचक विरळा. शटर कमरेपर्यंत आलेले, बाहेर पायरीवर दुकानातला पोऱ्या मोबाइलमध्ये डोके घालून बसलेला, नजर मात्र नाक्यावर. ओळखीचे गिऱ्हाईक आले की पत्र्यावर दोनदा टकटक, गिऱ्हाईक वाकून आत. वळणावर महापालिकेचे पथक दिसले की शटर जमिनीला टेकणार आणि आतली पाच-सात माणसे पंखा बंद करून, आवाज न करता, कापडाच्या तागांमध्ये दाटीवाटीने उभी राहणार. विषाणूला याहून सोयीची जागा कोणती? दुकान उघडे असते, दोघा-दोघांना आत घेतले असते, दार सताड ठेवले असते तर धोका कमी होता. पण नियमाला दोनच अवस्था ठाऊक होत्या, बंद आणि चालू. मधली सारी जागा चिरीमिरीने आणि पावतीबुकाने भरून काढली.

केशकर्तनालयांचे उदाहरण याहून बोलके आहे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बंद झालेली ही दुकाने २८ जूनला उघडली. मधल्या काळात जूनच्या सुरुवातीपासून ‘पुनश्च हरिओम’ म्हणत बाजार टप्प्याटप्प्याने सुरू झाला, तरी नाभिक समाजाच्या संघटनांना रस्त्यावर उतरावे लागले. या व्यवसायात अंतर राखता येत नाही हे खरेच. म्हणून तो शेवटी उघडणेही समजण्याजोगे. पण शंभर दिवस कोणी काय खायचे? दिवसाला येईल त्यात गाळ्याचे भाडे, कारागिराचा वाटा आणि घर भागवणाऱ्या माणसाकडे शंभर दिवसांची पुंजी असते, असे मानणारा अधिकारी पगाराच्या तारखेशिवाय दुसरी तारीख पाहत नसावा. मग झाले ते असे की, बलुतेदारीबरोबर मागे पडलेली धोकटी पुन्हा बाहेर आली. कात्री, कंगवा, वस्तरा पिशवीत घालून कारागीर मागच्या जिन्याने घरोघरी जाऊ लागले. आज या इमारतीतले चार, उद्या त्या वाडीतले सहा. परवानगी मिळाली तीही गमतीची. केस कापायला मुभा, दाढी करायला मनाई. ग्रामीण भागात ज्याचा अर्धा गल्ला दाढीवर चालतो त्याला दुकान उघडूनही अर्धाच धंदा.

अशा विसंगतींची यादी करायची तर हा स्तंभ पुरणार नाही. एकच नमुना देतो. २० ऑगस्ट २०२० पासून एसटीने दुसऱ्या जिल्ह्यात जायला ई-पास लागत नव्हता. स्वतःच्या मोटारीतून एकट्याने जायला मात्र तो २ सप्टेंबरपर्यंत लागत होता. दोन-एक डझन अनोळखी प्रवाशांसोबत गेलेला माणूस निर्धोक आणि काच लावून एकटा गेलेला संशयित! असा नियम वाचला की माणूस पुढचा नियमही, तो कितीही शहाणपणाचा असला तरी, त्याच हसऱ्या तोंडाने वाचतो. मुखपट्टी हनुवटीवर उतरली त्यात माणसाच्या आळसाचा वाटा होता, तसा या हसण्याचाही होता.

आता लोकांचीही झाडाझडती घ्यायला हवी, कारण निर्बंधांचा जाच एकट्या सरकारने केला नाही. सरकार ढिले होते तिथे लोक कडक झाले. एप्रिल-मेमध्ये कितीतरी गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या, रस्त्यावर चर खणले आणि मुंबई-पुण्याहून येणाऱ्या आपल्याच पोरांना शाळेच्या व्हरांड्यात झोपवले. कोकणात गणपतीसाठी येणाऱ्या चाकरमान्यांनी १२ ऑगस्टपर्यंत पोचून दहा दिवस विलगीकरणात राहावे असे ठरेपर्यंत गावकी आणि चाकरमानी यांच्यात जी तू-तू मैं-मैं झाली, तिचे व्रण काही घरांत अजून असतील. शहरांतल्या गृहनिर्माण संस्थांनी तर स्वतःचीच संस्थाने केली. घरकामाला येणाऱ्या बायकांना सरकारने मुभा दिल्यानंतरही फाटक बंद, आणि पार्सलवाला मात्र लिफ्टने वर, असा न्याय अनेक अध्यक्ष-सचिवांनी केला. फाटकातून परतलेल्या बाईचा पगार किती घरांनी चालू ठेवला, याचा हिशेब कोणत्याही संस्थेच्या वार्षिक अहवालात आला नाही.

ज्यांना ओढायला शटर नव्हते आणि बंद करायला दार नव्हते, त्यांनी आपली प्रतिक्रिया पायांनी दिली. १४ एप्रिलला वांद्रे स्थानकाबाहेर जमलेल्या परप्रांतीय कामगारांना गावी जायचे होते. त्या गर्दीला धर्माचा रंग देण्याचा प्रयत्न झाला तो आमच्या माध्यमबंधूंना शोभला नाही. ८ मेच्या पहाटे जालन्याहून रुळांच्या कडेने चालत निघालेल्या मजुरांपैकी १६ जण करमाडजवळ मालगाडीखाली गेले. रुळांवर भाकऱ्या विखुरल्या होत्या. रेल्वे बंद आहे, या सरकारी वाक्यावर विश्वास ठेवून ते तिथे झोपले होते.

मार्च २०२० मधला बंद चुकीचा होता, असे आम्ही म्हणत नाही. विषाणू अनोळखी होता, खाटा आणि श्वसनयंत्रे मोजकी होती. वेळ मिळवणे आवश्यक होते आणि तो मिळवला गेला. अडचण पुढे सुरू झाली. मिळालेल्या वेळाचा उपयोग काय केला हे सरकारने सांगितले नाही आणि बंदचे हत्यार हातात बसले. एप्रिल २०२१ मध्ये त्याचे टोक दिसले. ४ तारखेला मंत्रिमंडळाच्या बैठकीनंतर शनिवार-रविवारची टाळेबंदी आणि रात्रीची संचारबंदी एवढे ठळकपणे लोकांच्या कानावर आले. आदेशाचा कागद हाती पडला तेव्हा जीवनावश्यक वगळता सारी दुकाने महिनाअखेरपर्यंत, आठवड्याचे सातही दिवस, बंद. १३ एप्रिलला पाडवा होता. एक पाडवा गमावलेल्या व्यापाऱ्याने कर्ज काढून दुसऱ्यासाठी माल भरला होता. राज्यभर व्यापारी रस्त्यावर उतरले ते साथीचे गांभीर्य न कळल्यामुळे नव्हे. दुसरी लाट त्यांच्याही घरात शिरली होती. त्यांचा राग फसवले गेल्याचा होता.

आणि पैशाचा. बंदची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून टाळला गेला. मालकांनी टाळेबंदीत पूर्ण वेतन द्यावे असा आदेश केंद्रीय गृहखात्याने २९ मार्च २०२० ला काढला; स्वतःची दमडी न घालता काढलेला तो आदेश मेमध्ये गुंडाळावा लागला. रिझर्व्ह बँकेने हप्ते ऑगस्टअखेरपर्यंत पुढे ढकलायला मुभा दिली, व्याजाचे मीटर मात्र पळतच राहिले. राज्याने शिवभोजन थाळी पाच रुपयांत दिली याचे श्रेय द्यायलाच हवे. एप्रिल २०२१ मध्ये ५,४७६ कोटींचे साहाय्य जाहीर झाले, त्यात परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले, घरकामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. महिन्याभराच्या रोजीरोटीचा तो मोबदला म्हणायचा की खर्चाला दिलेली चिल्लर, हे ज्याने त्याने ठरवावे. ज्याची नोंदणीच नाही अशा फेरीवाल्याच्या वाट्याला तेही नव्हते, आणि भाड्याच्या गाळ्यातल्या छोट्या दुकानदाराचा या यादीत उल्लेखही नव्हता.

राज्यातले निर्बंध ज्या साथरोग कायद्याच्या आधारे सुरू झाले तो मुळात अवघ्या चार कलमांचा. प्लेगच्या वेळी इंग्रजांनी तो घाईघाईने केला. साथीत सरकार काय करू शकते हे त्यात आहे. सरकारने लोकांसाठी काय करायला हवे, याची एक ओळ नाही. सद्हेतूने कारवाई करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, असे चौथे कलम सांगते. घराघरांत शिरून झालेल्या तपासण्यांनी १८९७ चे पुणे किती संतापले होते आणि त्याचा शेवट २२ जूनला गणेशखिंडीत कसा झाला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तेव्हाच्या परक्या सरकारची आणि आजच्या निवडून दिलेल्या सरकारची बरोबरी कोणी करू नये. पण कायदा तोच आहे. २०२० मध्ये केंद्राने त्यात दुरुस्ती केली ती आरोग्यसेवकांवरील हल्ले रोखण्यापुरती. ती योग्यच होती. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या आपल्या २८६ व्या अहवालात हा कायदा अपुरा असल्याचे सांगून साथनियंत्रणाचा सविस्तर आराखडा करण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात संचारबंदी मोडल्याबद्दल लाखांवर गुन्हे नोंदवले गेले आणि पुढे सरकारनेच ते मागे घ्यायचे ठरवले, यातून कायद्याची अवस्था पुरेशी कळते.

सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे, त्यामुळे दिल्लीच्या मुहूर्ताची वाट पाहण्याचे कारण नाही. कर्नाटक, उत्तर प्रदेश आणि केरळ यांनी महासाथीच्या काळातच आपापले कायदे केले. त्यांतही शिक्षेचीच कलमे उठून दिसतात. महाराष्ट्राने तो कित्ता गिरवू नये. बंदचा आदेश निघण्याआधी किमान किती तासांची पूर्वसूचना हवी, आदेश मंत्रालयाचा, जिल्हाधिकाऱ्याचा की पालिका आयुक्ताचा मानायचा, किती दिवसांनी तो विधिमंडळापुढे ठेवायचा, हे लिहून काढायला साथ नसतानाचा काळच बरा. मसुद्याच्या समितीत डॉक्टर आणि सनदी अधिकारी असतीलच. एखादा सलूनवाला, एखादी भाजीवालीही असावी. आणि ज्याला सरकारने गाळा बंद ठेवायला सांगितले, त्याचे त्या महिन्याचे भाडे गाळेमालक, दुकानदार व सरकार यांनी कोणत्या प्रमाणात सोसायचे, ते या मसुद्याच्या पहिल्या कलमात असावे. शिक्षेचे कलम शेवटी आले तरी चालेल.