चीनचं नंतर बघू

रोह्याजवळच्या धाटावच्या नाक्यावर एक मत आता पक्कं बसलंय. करोना हे चीनचं जैविक अस्त्र होतं आणि पुढचा असाच रोग इथल्याच एमआयडीसीतल्या एखाद्या टाकीतून बाहेर पडणार! रात्री उग्र वास सुटला की या मताला आणखी चार माणसं मिळतात.

ही दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी आहे. धाटावला बनतात ती रसायनं. विषारी वायू गळला तर माणसं मरतात, हे १९८४ला भोपाळने दाखवलंच; पण तो वायू एकाच्या अंगात वाढून दुसऱ्याला लागत नाही. त्यातही ठरावीक रसायनं करणाऱ्या कारखान्यांना रासायनिक अस्त्रबंदी करारामुळे सरकारला हिशेब द्यावा लागतो आणि परदेशी निरीक्षक त्यांच्या फाटकात येऊ शकतात. १९७२च्या जैविक अस्त्रबंदी कराराला मात्र असे तपासनीसच नाहीत. काळजीच करायची तर याची करावी.

करोनाबद्दल थोडक्यात. विषाणू प्रयोगशाळेतून निसटला की जनावरातून आला, यावर अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांचं २०२१मध्ये एकमत झालं नाही. पण तो अस्त्र म्हणून बनवलेला नव्हता, हे त्यांनीच सांगितलं. चीनला अडकवायची संधी अमेरिका उगाच सोडेल का?

मग जैविक अस्त्रं हे थोतांड आहे का? मुळीच नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानच्या ७३१ क्रमांकाच्या तुकडीने चीनमध्ये प्लेगच्या पिसवा सोडल्या होत्या. १९७९ला स्वेर्दलोव्हस्कच्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स हवेत सुटला, किमान ६६ माणसं दगावली आणि सोव्हिएत सरकार वर्षानुवर्षं खराब मांसाकडे बोट दाखवत राहिलं. २००१ला अमेरिकेत अँथ्रॅक्सच्या पाकिटांनी पाच जणांचा बळी घेतला. एफबीआयने अखेर ठपका ठेवला तो सरकारी प्रयोगशाळेतल्याच शास्त्रज्ञावर. शेवटच्या दोन्ही प्रकरणांत परका शत्रू कुठे आहे?

आपल्याकडचा दाखला तर थेट भाऊबंदकीतला. पाकूरच्या जमीनदार घराण्यातल्या बिनयेंद्रला सावत्र भावाचा, अमरेंद्रचा, इस्टेटीतला वाटा हवा होता. त्याचा साथीदार डॉ. तारानाथ भट्टाचार्य. प्लेगवरचं औषध तपासायचंय, अशी थाप मारून त्याने १९३३ला मुंबईच्या आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात शिरकाव मिळवला, तिथे उंदरांवर प्रयोग केले आणि काम अर्धवट टाकून निघून गेला. २६ नोव्हेंबरला हावडा स्टेशनच्या गर्दीत कुणीतरी अमरेंद्रच्या दंडाला काहीतरी टोचलं. ४ डिसेंबरला तो प्लेगने मेला. बिनयेंद्र आणि तारानाथ, दोघांना झालेली फाशीची शिक्षा पुढे जन्मठेपेवर आली. ज्या मुंबईत हाफकिनने १८९७ला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, तिथूनच हे जंतू नेले गेले. सैन्य नव्हतं, क्षेपणास्त्र नव्हतं. प्रयोगशाळेच्या दारात माणूस नीट पारखला गेला नाही, एवढंच.

१९९४ला बीडच्या मामल्यात गाठीचा प्लेग आला, मग सुरतेत फुप्फुसाचा. तेव्हाही परकीय हाताची कुजबुज झालीच. मामल्याबद्दल तज्ज्ञांनी मांडलेलं कारण साधं होतं: किल्लारीच्या भूकंपानंतर सोडून दिलेल्या घरांत धान्य राहिलं, उंदीर माजले. सुरतेत तापीचा पूर आणि कुजलेला कचरा. पुढल्या वर्षी आयुक्त एस. आर. राव यांनी तिथे कचरा उचलायला लावला, घाणेरड्या उपाहारगृहांना कुलपं ठोकली आणि शहराचं रूप पालटलं. परकीय हाताच्या मागे लागले असते तर कचरा तिथेच राहिला असता. माझा राग आहे तो यावर. शत्रू एकदा ठरला की गटार साफ करणारा, नमुना तपासणारा, फवारणीचा पैसा अडवणारा, सगळेच सुटतात.

आपल्या इथलंच बघा. लावणीच्या दिवसांत कुंडलिकेच्या काठच्या खाचरांत बायामाणसं दिवसभर अनवाणी चिखलात असतात. पायाला भेगा, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, आणि त्याच पाण्यात उंदरांचं मूत. लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे लेप्टोचा, जंतू शिरायला एवढं पुरतं. ताप येतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात; ‘पावसाळी ताप’ म्हणून चार दिवस अंगावर काढला तर मूत्रपिंडावर जातं. वेळेत मिळाल्या तर साध्या गोळ्यांनी माणूस उठून बसतो.

“पण खराच हल्ला झाला तर?” हा आक्षेप रास्त आहे. तर पहिला रोगी तापानेच फणफणत येईल आणि येईल तो रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात. त्याला तपासणारा डॉक्टर लेप्टोवालाच. त्याच्याकडे तपासणीचं किट आहे का, रक्ताचा नमुना कुठे जातो, निकाल किती दिवसांनी येतो, हे येत्या ग्रामसभेत विचारा. चीनचं नंतर बघू.