ते हसू नव्हतं

चिंपांझी भ्यायला की ओठ मागे ओढतो आणि वरचे-खालचे सगळे दात दाखवतो. कळपातले बाकीचे ते बघून समजतात की हा घाबरलाय. खेळात रमलेल्या चिंपांझीचं तोंड सैल उघडं असतं, आणि वरचे दात ओठाखाली झाकलेले असतात. शुभेच्छापत्रांवर, जाहिरातींत, सिनेमांत ज्या 'हसऱ्या' चिंपांझीवर आपण पिढ्यान्‌पिढ्या हसत आलो, तो बहुतेक वेळा पहिल्या चेहऱ्याचा, म्हणजे भ्यालेला असतो. अंगात कोट, गळ्यात टाय आणि कॅमेऱ्याच्या कडेला त्याला शिकवणारा माणूस.

1909 साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून ऐन सणात वाचकाला चार घटका रमवणं हे आम्हा संपादक मंडळींचं काम झालं. करमणूक हाच ज्यांचा धंदा, त्यांनी दुसऱ्यांच्या करमणुकीत कोण भरडलं जातं हेही बघायला हवं, असं आम्हाला वाटतं. म्हणून सणाच्या अंकाचं पहिलं पान यंदा चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान या आपल्या सर्वांत जवळच्या नातलगांसाठी.

या प्राण्यांना नाचवणारे आणि त्यांना पाहून टाळ्या वाजवणारे सगळे दुष्ट होते असं मुळीच नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1926 पासून 1972 पर्यंत चिंपांझींच्या चहापानाचा कार्यक्रम होत असे, आणि आईबाप पोराबाळांना घेऊन तो पाहायला जात. पीजी टिप्स या चहाच्या जाहिरातींत 1956 पासून 2002 पर्यंत कपडे घातलेले चिंपांझी दिसत राहिले. आपल्याकडे 1955 च्या 'इन्सानियत'मध्ये दिलीपकुमार आणि देव आनंद एकत्र आले, आणि त्यांच्या जोडीला खास अमेरिकेहून आणलेला झिप्पी नावाचा चिंपांझी होता. थिएटरातल्या कुणालाही हे पिल्लू आलं कुठून, असा प्रश्न पडला नसेल. तो पडू नये अशीच या धंद्याची सगळी रचना असते.

चिंपांझीचं पिल्लू चार-पाच वर्षं आईचं दूध पितं, रात्री तिच्याच घरट्यात झोपतं. ओरांगउटानची मादी सात-आठ वर्षांतून एकदा विते आणि तितकी वर्षं ते एकच पोर सांभाळते. अशी आई पिल्लू सोडून पळत नाही. म्हणून शिकारी आधी तिला मारतात. चिंपांझी आणि गोरिलांत कळपातले इतर मोठे मध्ये पडतात, तेही मारले जातात. मांस बाजारात जातं आणि मेलेल्या आईला चिकटलेलं पिल्लू ओढून काढून टोपलीत घातलं जातं. त्यातली कितीतरी वाटेतच मरतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा अंदाज असा, की 2005 पासून या व्यापारापायी किमान 22,218 वानर जंगलांतून नाहीसे झाले. त्यांत सुमारे दोनतृतीयांश चिंपांझी होते.

पुढचं काम कागदांचं. 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात हे चारही वानर आहेत, म्हणजे रानातून पकडलेल्यांचा व्यापार बंद. पण पिंजऱ्यात जन्मलेल्यांना नियम सैल आहेत. परवान्यावर 'पिंजऱ्यात जन्मलेला' एवढी एक खूण केली की चोरीचा माल साव होतो. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशातून अशा परवान्यांवर शंभराहून जास्त चिंपांझी चीनमधल्या प्राणिसंग्रहालयांत आणि करमणूक उद्यानांत गेले. गिनीत चिंपांझींचं प्रजनन केंद्र नव्हतंच. काही परवाने तर गोरिलांचे होते, आणि गिनीच्या जंगलात गोरिला मुळी सापडतच नाही! परवान्यांवर सही करणाऱ्या खात्याचा माजी प्रमुखच 2015 मध्ये पकडला गेला आणि पुढे दोषी ठरला.

बँकॉकच्या सफारी वर्ल्डमध्ये ओरांगउटानांना चड्ड्या आणि हातमोजे घालून मुष्टियुद्ध खेळायला लावत. फेरीची पाटी मिरवायला बिकिनी घातलेली मादी असे. पोलिसांनी तिथे छापे घातले तेव्हा शंभरावर ओरांगउटान निघाले. सगळे इथेच जन्मले, असं उद्यानाचं म्हणणं होतं. तपासाअंती त्यांतले 48 ओरांगउटान नोव्हेंबर 2006 मध्ये इंडोनेशियाला परत गेले. चार गोरिला पिल्लांची फरफट याहून लांबली. 2002 मध्ये ती खोट्या कागदांवर नायजेरियाहून मलेशियातल्या तायपिंगला पोचली, तिथून दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला, आणि 2007 च्या अखेरीस कॅमेरूनमधल्या लिम्बे इथल्या अनाथालयात. कुठल्या देशाने त्यांना ठेवायचं यावर सरकारांचे वाद चालू होते, तेवढ्यात त्यांचं बालपण सरून गेलं.

आणि बालपणाचीच तर किंमत असते. सहा-आठ वर्षांचा झाला की चिंपांझी माणसाला आवरत नाही. मग खेळ बंद आणि पिंजरा सुरू. त्याचं आयुष्य मात्र पन्नास वर्षांचं. मायकल जॅक्सनचा चिंपांझी बबल्स 1980 च्या दशकात जगभर मिरवला. आज तो फ्लोरिडातल्या एका वानर-आश्रयस्थानात आहे. त्याचं नशीब बरं म्हणायचं, बहुतेकांच्या वाट्याला तेही येत नाही.

हे सारं परमुलखातलं आहे असं समजू नका. 2019 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने कोलकात्यात तीन चिंपांझी आणि चार मार्मोसेट माकडं मालमत्ता म्हणून जप्त केली. एका चिंपांझीची किंमत 25 लाख रुपये धरली होती. 2025 मध्ये मुंबई विमानतळावर प्रवाशांच्या सामानातून गिबन निघाले. गिबन आकाराने लहान, पण तोही वानरच. 1998 च्या अधिसूचनेने आपण माकड-अस्वलांचे खेळ थांबवले आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ते योग्यच झालं. पण रस्त्यावरच्या दरवेशाचं आणि मदाऱ्याचं पोट त्याने गेलं, आणि बंगल्यात परदेशी प्राणी पाळणाऱ्याला मात्र मोकळं रान राहिलं. साइट्समधल्या परदेशी जाती आपल्या वन्यजीव कायद्यात यायला 2022 ची दुरुस्ती लागली. 2024 च्या नियमांनी अशा प्राण्यांची नोंदणी सक्तीची केली आहे.

दरम्यान तंबू आणि पडदा मागे पडले, खेळ आता आपल्या हातातल्या फोनमध्ये चालतो. डायपर घातलेलं चिंपांझीचं पोर बाटलीने दूध पितं, आपण 'किती गोड' म्हणतो आणि ते चित्रण घरच्या ग्रुपवर टाकतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2008 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक निरीक्षण मांडलं. गोरिला आणि ओरांगउटान संकटात आहेत हे लोकांना ठाऊक होतं, चिंपांझीबद्दल मात्र तसं वाटणारे कमी होते. कारण टीव्हीवर, जाहिरातींत तो सतत समोर असायचा. जो सगळीकडे दिसतो तो संपत चाललाय यावर कोण विश्वास ठेवणार?

डिसेंबर 2024 मध्ये इस्तंबूल विमानतळावर मालवाहतुकीच्या एका खोक्यात गोरिलाचं पिल्लू सापडलं. खोकं नायजेरियाहून बँकॉकला निघालं होतं. तिथे किंवा आणखी कुठे कुणीतरी त्याची वाट पाहत होतं, कारण पुढे त्याला पाहायला माणसं येणार याची खात्री होती. ती माणसं म्हणजे आपणच. म्हणून या अंकापासून कपडे चढवलेल्या वानराचं चित्र किंवा जाहिरात आम्ही छापणार नाही. वाचकांना विनंती एवढीच, की असं चित्रण आलं तर पुढे पाठवू नका आणि पाठवणाऱ्याला कारण सांगा. परदेशी सहलीत अशा खेळाचं तिकीट काढलेलं असेल तर सहल कंपनीला तो वगळायला लावा. शेजारीपाजारी असा प्राणी विकत आणलेला दिसला, तर महाराष्ट्रात वन विभागाचा 1926 हा क्रमांक आहे, त्यावर कळवा.