मावळा केवढा असावा?

दिवाळीच्या सुटीत अकरावीतला एक विद्यार्थी पनवेलला माझ्या घरी आला. हातात पुठ्ठ्याचे खोके होते. ते उघडल्यावर थर्माकोलच्या खाचेत जपून बसवलेले एक पांढरेशुभ्र नगर बाहेर आले. डोंगराला टेकून एकावर एक असे सात तट, त्यांना मधोमध चिरत पुढे आलेला खडक आणि सर्वांत वर सुईसारखा मनोरा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या चित्रपटमालिकेतील मिनास तिरिथ ते हेच, असे त्याने मला सांगितले. मामाने ते त्याच्यासाठी परदेशातून आणले होते. टेबलावर ठेवून त्याने विचारले, "सर, असे शहर खरोखर बांधले तर उभे राहील का?"

मी त्याला उलट विचारले, "अगोदर सांग, हे किती प्रमाणात केले आहे?"

खोके उलटेसुलटे करून पाहिले. नाव होते, किंमत होती, काळजी कशी घ्यावी याच्या सूचना होत्या. प्रमाण कोठेच नव्हते.

मग आम्ही ते काढायला बसलो. या चित्रपटांचा आधार असलेले टोल्कीन यांचे पुस्तक १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात या मनोऱ्याचे टोक सपाटीपासून १००० फूट, म्हणजे सुमारे ३०५ मीटर उंच असल्याचे म्हटले आहे. आमच्यासमोरचे नगर पट्टीने मोजले तेव्हा २० सेंटिमीटर भरले. भागाकार केला. प्रमाण निघाले जवळजवळ १ः१५००. या प्रमाणात १.७ मीटर उंचीचा माणूस १ मिलिमीटरहून किंचित मोठा होतो. मुलाने पेन्सिलीने कागदावर एक ठिपका काढला आणि तो नगराच्या दरवाजाशी धरला. इतका वेळ जे शोभेचे खेळणे होते, ते एकदम प्रचंड दिसू लागले. "बाप रे!" एवढेच तो म्हणाला.

तुम्हांला वाटेल, परदेशी चित्रपटातल्या कल्पित नगराशी आपला काय संबंध? संबंध आहे. जगात अशी छोटी नगरे विकत घेऊन कपाटात ठेवणारी माणसे असतील. आपल्याकडे मात्र ती दर दिवाळीला अंगणात मातीने बांधली जातात. पनवेलच्या जुन्या आळ्यांत आणि आता नव्या सोसायट्यांच्या आवारातही मुले किल्ले करतात. दगडविटा रचून त्यावर गोणपाट टाकायचे, चिखल लिंपायचा, अळीव किंवा मोहरी पेरायची, आणि शेवटी बाजारातून आणलेले मावळे उभे करायचे. आता या मावळ्याची उंची मोजा. साधारण ५ सेंटिमीटर भरेल. खरा माणूस १.७ मीटरचा धरला तर प्रमाण झाले १ः३४. आमच्या शेजारचा कर्नाळा समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. पायथ्यापासून त्याची उंची सोयीसाठी ४०० मीटर धरू. या मावळ्याला शोभेल असा कर्नाळा करायचा, तर अंगणात जवळजवळ १२ मीटर उंचीचा, म्हणजे चार मजली इमारतीएवढा ढीग घालावा लागेल! उलट तुमचा किल्ला ६० सेंटिमीटरचा असेल तर त्याचे प्रमाण झाले सुमारे १ः६६७, आणि त्यावरचा मावळा असायला हवा अडीच मिलिमीटरचा. तिळाएवढा. अळिवाचे चार सेंटिमीटरचे रोप या किल्ल्यावर २७ मीटरचा वृक्ष ठरेल, ही गंमत वेगळीच.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी एका किल्ले स्पर्धेत मी परीक्षक होतो. एका मुलीने केलेल्या किल्ल्यावर एकही मावळा दिसेना. आम्ही परीक्षकांनी तिला विचारले, तर तिने वाकून पाहायला सांगितले. तटाच्या कडेने तिने एकेक तीळ डिंकाने चिकटवला होता. शेजारी पुठ्ठ्याच्या पाटीवर प्रमाण लिहिले होते. आम्ही हसलो, कौतुक केले आणि पुढे गेलो. पहिले बक्षीस मिळाले विजेवर चालणारे कारंजे आणि लुकलुकणारे दिवे असलेल्या किल्ल्याला. त्यावर राजांचा पुतळा बालेकिल्ल्याहून उंच होता. तिला उत्तेजनार्थसुद्धा काही दिले नाही. मी भौतिकशास्त्र शिकवतो, आणि त्या दिवशी त्या आवारात भौतिकशास्त्र कळलेली एकच व्यक्ती होती. ती मी नव्हतो.

"अहो, मुलांचा खेळ तो, त्यात गणित कशाला घुसडता?" असे एका शिक्षकमित्राने मला ऐकवले. त्याचे म्हणणे मला अर्धेच पटते. खेळ हा खेळच राहावा. बाहुबलीची माहिष्मती करायची असेल तरी खुशाल करावी. किल्ला खराच असला पाहिजे असा माझा हट्ट नाही. पण कल्पित नगर उभारणाऱ्यांनी काय केले तेही पाहावे. न्यूझीलंडमधील वेटा वर्कशॉपच्या कारागिरांनी २००१ ते २००३ या काळात पडद्यावर आलेल्या त्या तीन चित्रपटांसाठी मिनास तिरिथची जी प्रतिकृती बांधली, ती १ः७२ या ठरावीक प्रमाणात होती. जे शहर कधी अस्तित्वातच नव्हते त्याचे प्रमाण त्यांनी पाळले. आणि जे किल्ले आपल्या खिडकीतून दिसतात त्यांचे प्रमाण आपण पाळत नाही!

चित्रपटवाल्यांना हे पाळावेच लागते, कारण त्यांना वेळेचाही हिशेब द्यावा लागतो. पुस्तकातला तो मनोरा स्वतः ३०० फूट उंच आहे. त्यावरून दगड सुटला तर खाली यायला सव्वाचार सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागेल. १ः७२ च्या प्रतिकृतीत तोच दगड अर्ध्या सेकंदात खाली येतो, कारण पडण्याचा काळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो आणि ७२ चे वर्गमूळ सुमारे साडेआठ. म्हणून असे पडणे खरे वाटायला हवे असेल, तर सेकंदाला २४ ऐवजी सुमारे २०० चित्रे टिपावी लागतात आणि मग ती नेहमीच्या वेगाने दाखवावी लागतात. पाण्यालाही हाच नियम लागतो. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासून चालत आलेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आहे. तेथे धरणांच्या सांडव्यांच्या आणि बंदरांच्या लहान प्रतिकृतींतून पाणी सोडून पाहतात, ते याच वर्गमुळाच्या आधाराने.

आता त्या मुलाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. उभे राहील का?

गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे उत्तर दिले आहे. वस्तू सर्व बाजूंनी ३४ पट मोठी केली, तर तिच्या तळाचे क्षेत्रफळ ३४ × ३४ म्हणजे ११५६ पट होते, पण वजन ३४ × ३४ × ३४ म्हणजे ३९,३०४ पट होते. तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पडणारा भार ३४ पट वाढतो. पदार्थ मात्र तोच, त्याची ताकद तेवढीच. तुमच्या ६० सेंटिमीटरच्या मातीच्या कड्याच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ११० ग्रॅम भार असतो, म्हणून तो सरळ उभा राहतो. तोच कडा ४०० मीटरचा करा. भार होईल सत्तर किलोग्रॅमच्या वर. मऊ ओल्या मातीला एक किलोग्रॅमही सोसत नाही.

कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका सुमारे सव्वाशे फूट, म्हणजे चाळीसेक मीटर आहे. तो बेसाल्टचा, आपल्या नेहमीच्या काळ्या पाषाणाचा. त्याच्या एका घनसेंटिमीटरचे वजन सुमारे २.९ ग्रॅम. म्हणजे सुळक्याच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला बारा किलोग्रॅमच्या आत भार आला. चांगला बेसाल्ट हजार किलोग्रॅमहून अधिक सोसतो. नुसत्या चिरडण्याचाच विचार केला, तर सुळका तीन किलोमीटर उंच असता तरी चालले असते! मग मिनास तिरिथ का उभे राहू नये? राहीलही. पण डोंगर सहसा स्वतःच्या भाराखाली चिरडून पडत नाहीत. ते पडतात भेगांमुळे, खडकावर साचलेल्या सैल मातीमुळे आणि पाण्यामुळे.

हे लिहिताना मला इर्शाळगड आठवतो. पनवेलहून चौककडे जाताना तो दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री, मुसळधार पावसात, त्याच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकरवस्तीवर दरड आली. सत्तावीस मृतदेह हाती लागले; सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. खडकाच्या उतारावर माती आणि दगडगोटे यांचा थर असतो तो कणाकणांतील घर्षणाने टिकून राहतो. पाणी मुरले की थराचे वजन वाढते. शिवाय कणांमधल्या फटींत पाण्याचा दाब तयार होतो, तो कणांना एकमेकांवर घट्ट दाबून बसू देत नाही. घर्षण कमी होते, आणि एका क्षणी सगळा थर निसटतो.

दिवाळीचा मातीचा किल्ला हे सारे दाखवू शकतो. अवेळी पावसाची सर आली की बुरूज कोठे खचतो, गोणपाटावरून चिखलाचा थर कसा घसरतो, हे मुलाला न शिकवता दिसते. आता बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले मिळतात. रंगवलेले, हलके, गॅलरीत मावणारे. ज्यांच्याकडे अंगण नाही आणि वेळ नाही त्यांनी ते आणले तर मी दोष देणार नाही. पण त्यात पाणी मुरत नाही, त्यावर काही उगवत नाही, आणि प्रमाण तर त्या खोक्यावरही लिहिलेले नसते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्यापासून लोकांचे लक्ष किल्ल्यांकडे पुन्हा वळले आहे. त्या यादीत कर्नाळा नाही. त्यामुळे त्याचे वजन काही कमी होत नाही, बरे का.

मात्र मातीच्या किल्ल्यावरही आंधळा विश्वास नको. तो टिकला म्हणून खरा उतार टिकेल असे मुळीच नाही, हे आताच गणिताने पाहिले. लहान आकारात मातीचा चिकटपणा वजनावर मात करतो. मग अभियंते काय करतात? पवईच्या आय.आय.टी.मध्ये साडेचार मीटर त्रिज्येचे एक मोठे अपकेंद्री यंत्र आहे. मातीच्या उताराची छोटी प्रतिकृती त्याच्या भुजेच्या टोकाला ठेवून गरगर फिरवतात. १ः५० ची प्रतिकृती इतक्या वेगाने फिरवायची, की तिच्यातील प्रत्येक कण पन्नासपट जड व्हावा. मग ३० सेंटिमीटरच्या उताराच्या तळाशी तोच भार येतो, जो १५ मीटरच्या खऱ्या उतारात असतो. वाड्या जेथे वसल्या आहेत त्या उतारांबद्दल काही सांगायचे, तर प्रतिकृतीशी असे प्रामाणिक वागावे लागते.

शिक्षकांना आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझी सूचना अगदी साधी आहे. शंभरांपैकी निदान वीस गुण प्रमाणाला ठेवा. किल्ल्यापाशी पाटी हवी: खरी उंची किती, केलेली उंची किती, प्रमाण काय. आडवे आणि उभे प्रमाण वेगळे घेतले असेल तर तेही लिहावे. नकाशाकारही तसे करतात, पण सांगून करतात. पाच सेंटिमीटरचे मावळे ज्यांना सोडवत नाहीत, त्यांनी अख्खा गड न करता एखादा दरवाजा किंवा एक बुरूजच करावा. १ः३४ प्रमाणात दहा मीटरचा बुरूज ३० सेंटिमीटरचा होतो, आणि मावळा त्यावर अगदी शोभून दिसतो. कारंजे ठेवायचेच असेल तर त्याच्या पाण्याचा थेंब त्या प्रमाणात केवढा झाला, हे मुलाला विचारावे.

त्या विद्यार्थ्याचे नगर अजून त्याच्या कपाटात आहे. मागच्या आठवड्यात त्याने मला बोलावून दाखवले. खाली पुठ्ठ्याची पट्टी लावून त्याने १ः१५०० असे लिहिले आहे. दरवाजासमोर सुईच्या टोकाने चिकटवलेला रव्याचा एक दाणा आहे. तो पाहण्यासाठी मला चष्मा काढून अगदी जवळ जावे लागले.