शिंगराच्या खांद्यावर जू
‘किशोर’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ घोड्याचे शिंगरू. अथर्ववेदात तो याच अर्थाने येतो; माणसाच्या मुलाला तो मागाहून लागला. शिंगराला गाडीस जुंपू नये, हे टांगेवाला जाणतो. कायद्याची रीत निराळी. २००९ चा शिक्षणहक्क मुलाला १४ व्या वर्षी निरोप देतो आणि नेमकी तेथेच बालमजुरी कायद्याची २०१६ ची दुरुस्ती त्याला ‘किशोरवयीन’ ठरवून धोक्याच्या कामांखेरीज इतर मजुरीस मोकळा सोडते. बोईसर-तारापूरच्या धोकादायक रसायनांपासून कायदा त्याला दूर ठेवतो, फाटकाबाहेरच्या दुकानात मात्र खुशाल राबू देतो! पालघरच्या आदिवासी पाड्यावरील मुलाने आठवीनंतर कोणाच्या भरवशावर शिकावे? शिक्षणाचा हक्क १८ वर्षांपर्यंत नेण्याची मागणी कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात घातली पाहिजे, वेतनवाढीच्या शेजारीच.