हरणाऱ्या टीमचं काय करायचं?

३१ ऑक्टोबर २०२५ ची रात्र आठवतेय? दिवाळीची सुट्टी संपवून पोरं नुकतीच हॉस्टेलवर परतली होती. टीव्ही रूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती आणि कुणाच्या तरी डब्यातला शेवटचा चिवडा हातोहात फिरत होता. प्रो कबड्डीची फायनल, पुणेरी पलटण विरुद्ध दबंग दिल्ली. मेसचे काकासुद्धा भांडी तशीच टाकून दारात उभे होते. मॅच संपली, ३१-२८, दिल्ली जिंकली. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "पुढच्या वर्षी दोन मोठे प्लेअर उचला, काम तमाम!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

मीही डोलावणार होतो. पण तेवढ्यात आठवलं, हेच वाक्य आपण दर वर्षी गॅदरिंगनंतर आपल्या हॉस्टेलच्या टीमबद्दल बोलतो. "डी ब्लॉकचा तो उंच पोरगा आपल्याकडे असता ना!" गेली तीन वर्षं इंटर-हॉस्टेल कबड्डीत आपण पहिल्याच राउंडला बाहेर. दर वर्षी कारण तयार. एकदा ग्राउंड ओलं होतं, एकदा पंच त्यांच्या बाजूचे होते, एकदा आपला बेस्ट प्लेअर केटीच्या पेपरला बसला होता. त्यातली दोन वर्षं मी टीममध्ये होतो आणि यंदा कॅप्टन आहे. म्हणजे दोष द्यायचा तर सुरुवात माझ्यापासून करावी लागेल. ते पुढे येतंच.

आधी पलटणची गोष्ट सांगतो. फर्स्ट इयरच्या पोरांना वाटतं की ही टीम पहिल्यापासून भारी होती. तर मित्रांनो, २०१४ साली लीग सुरू झाली तेव्हा आठ टीम्स होत्या आणि आपली पलटण आठवी आली. २०१५ ला पुन्हा आठवी. कबड्डी ज्या महाराष्ट्रात घराघरात खेळतात, तिथल्या टीमची ही अवस्था! मग २०१६ मध्ये मालकांनी आपल्यासारखाच विचार केला, मोठे प्लेअर उचला. मनजीत छिल्लर, अजय ठाकूर, दीपक हुडा असे एकाहून एक आले. फरक पडला. त्या वर्षी झालेल्या दोन्ही सीझनमध्ये पलटण तिसरी आली. पण तिसरीच. पुढच्या दोन-तीन वर्षांत ही नावं एकेक करून दुसऱ्या टीम्समध्ये गेली आणि २०१९ ला आपण बारांत दहावे. म्हणजे गाडी पुन्हा जवळपास होती तिथेच.

खरी गंमत त्याच २०१९ च्या हरणाऱ्या सीझनपासून सुरू होते. लिलावाबाहेर नवी तरुण पोरं निवडून करारात ठेवायची सोय लीगमध्ये आहे. ही पोरं स्वस्तात मिळतात आणि पुढचे काही सीझन आपल्याकडे ठेवता येतात. पंकज मोहिते त्या वर्षी आला. २०२१-२२ च्या सीझनला नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि त्याच्याबरोबर मोहित गोयत आला. त्या सीझनला टीममध्ये राहुल चौधरी आणि नितीन तोमर हे दोन मोठे चढाईपटू होते. लोक त्यांना बघायला बसले आणि सीझन संपेपर्यंत नाव झालं ते अस्लम आणि मोहितचं. त्या वर्षी पलटण प्लेऑफमध्ये पोचली आणि तिथे हरली. पण त्यांनी एक गोष्ट नीट केली. हरल्यावर पोरं बदलली नाहीत. २०२२ ला तीच पोरं, वर फझल अत्राचलीसारखा अनुभवी कॉर्नर, आणि थेट फायनल. तिथे जयपूरकडून ३३-२९ असे हरलो. पुढच्या वर्षी फझलही गेला. कॅप्टन कुणाला केलं? अस्लमला. आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणाला २८-२५ हरवून पलटण पहिल्यांदा चॅम्पियन झाली. फायनलमध्ये पलटणकडून सगळ्यात जास्त पॉइंट्स पंकज मोहितेचे होते. म्हणजे पाच वर्षांपूर्वी हरणाऱ्या टीममध्ये आलेल्या पोराचे.

आता कुणी म्हणेल, "अरे, पण त्या वर्षी त्यांनी शादलूला २ कोटी ३५ लाख दिले होते, ते विसरलास का?" नाही विसरलो. उलट तोच माझा मुद्दा आहे. टीमला सगळ्या खेळाडूंसाठी मिळून ५ कोटीच खर्च करायची मुभा होती. त्यातले जवळजवळ निम्मे एका माणसावर घालणं त्यांना परवडलं, कारण बाकीच्या जागा आधीच भरलेल्या होत्या. चढाईला चार पोरं तयार होती, कव्हर तयार होते, एक लेफ्ट कॉर्नर तेवढा पाहिजे होता. त्या एका जागेसाठी त्यांनी बाजारातला सगळ्यात चांगला माणूस आणला आणि तो त्या सीझनचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. आधी घर बांधलं, मग दाराला महागडं कुलूप आणलं. आपण घर नसताना कुलूप शोधत फिरतो.

याच शहरात उलटा प्रयोगही झालाय. पुणे वॉरियर्स आठवतात का? आत्ताच्या ज्युनिअर्सना नसतील आठवत. २०१० साली आयपीएलची ही टीम ३७ कोटी डॉलरना विकली गेली, तोपर्यंतची लीगमधली सगळ्यात महाग. युवराज आला, गांगुली आला. २०११ ला दहांत नववे, २०१२ ला नवांत नववे, २०१३ ला नवांत आठवे आणि मग खेळ खलास, टीमच बंद. दर वर्षी कॅप्टन वेगळा आणि दर वर्षी नवी जुळवाजुळव. गहुंज्याचं स्टेडियम तेवढं मागे राहिलं.

असो. आता आपल्याकडे येऊ. आपल्याला ना लिलाव, ना कोटी. आपला लिलाव होतो कॅप राउंडला. पहिल्या वर्षाची ॲडमिशन होते, वेगवेगळ्या जिल्ह्यांतून पोरं ट्रंक घेऊन हॉस्टेलच्या दारात उतरतात, तोच आपला ड्राफ्ट. त्यात सांगली-कोल्हापूरकडची, नगर-बीडकडची अशी पोरं असतात, जी गावच्या मैदानावर मातीत लोळून आलेली असतात. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला येणारे हे आपले ट्रेड. आणि दर जूनला फायनल इयर बाहेर पडतं, म्हणजे आपले पाव प्लेअर दर वर्षी जातातच. जगातल्या कुठल्याच लीगमध्ये एवढी पक्की तारीख माहीत नसते! तरी आपण गॅदरिंगच्या आठ दिवस आधी नोटीस लावतो, फायनल इयरची सात नावं लिहितो, आणि ती सातही नावं चार महिन्यांनी कॉलेज सोडून जातात. पुढच्या वर्षी पाटी कोरी.

गेल्या वर्षीची आपली टीम आठवा. सातांत पाच जण चढाईवाले. का? कारण चढाईचे पॉइंट्स दिसतात, त्याला टाळ्या पडतात. कॉर्नरला कोण उभं राहणार, तर ज्याला चढाई जमत नाही तो. कबड्डी थोडी खेळलेल्या कुणालाही विचारा, कॉर्नरने घोटा धरला की त्याच क्षणी शेजारच्या कव्हरने अंगावर जायचं असतं. अर्धा सेकंद उशीर झाला की चढाईवाला दोघांना घेऊन मध्यरेषेवर. हे दोघांचं जमायला महिने लागतात, आठ दिवसांत येत नाही. आपले दोन गेले, चार गेले, मग लोण, वर त्यांना आणखी दोन पॉइंट्स. आपण मॅच तिथे हरलो. पंचांना उगाच बोल लावला.

आता माझी चूक. गेल्या वर्षी फर्स्ट इयरला एक पोरगा आला होता. अंगाने किडकिडीत, बोलायला लाजरा. गावाकडे तालुक्यापर्यंत राइट कॉर्नरला खेळलेला. ट्रायलला त्याने माझा घोटा दोनदा पकडला, आणि मी काही अगदीच हलका नाही. तेव्हाचा कॅप्टन मला म्हणाला, "काय करू या याचं?" मी म्हणालो, "अरे, त्याला अजून तीन वर्षं आहेत. आपलं आता काय राहिलंय?" त्या पोराने तीन मॅचच्या टी-शर्टांचं गाठोडं सांभाळलं, पाण्याच्या बाटल्या भरल्या. आम्ही पहिल्या राउंडला हरलो, दोन पॉइंट्सनी. राइट कॉर्नरला मी होतो! एरवी मी कव्हरचा माणूस, पण जागा सोडायची नव्हती म्हणून तिथे उभा राहिलो.

यंदा सप्टेंबरमध्ये प्रॅक्टिससाठी त्याच्या रूमवर गेलो. म्हणाला, "दादा, नको. मी आता कोडिंग क्लब जॉइन केलाय." एवढंच. रागावलेला वगैरे नव्हता, चहापण पाजला त्याने. पण मला तो चहा काही गोड लागला नाही. आमच्या त्या एका वाक्याने या हॉस्टेलचा चार वर्षांचा कॉर्नर गेला. पलटणने असं अस्लमला बाकावर बसवून ठेवलं असतं तर?

म्हणून यंदा तीन गोष्टी करायच्या असं माझं मत आहे, आणि ते मी इथे लिहून देतोय, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

पहिली गोष्ट, सातांपैकी तीन जागा फर्स्ट आणि सेकंड इयरच्या. त्यातली एक जागा कॉर्नरची आणि एक तिच्या शेजारच्या कव्हरची असलीच पाहिजे. हे दोघं एकत्र शिकतील, एकत्र चुकतील आणि निदान दोन वर्षं एकत्र राहतील.

दुसरी गोष्ट, ट्रायल गॅदरिंगच्या आधी आठ दिवस न घेता ॲडमिशन संपल्या संपल्या घ्यायची. रेक्टर सरांना आणि जिमखान्याच्या सरांना माझी विनंती आहे की नव्या पोरांच्या हॉस्टेल फॉर्मवर 'गावाकडे काय खेळत होता?' एवढी एक ओळ टाका. ब्लड ग्रुप विचारतोच आपण, त्याच्या खाली. आणि संध्याकाळी एक तास मागच्या ग्राउंडवरचा दिवा चालू राहू द्या. बाकी खर्च काही नाही.

तिसरी गोष्ट, एक जागा अनुभवी माणसासाठी मोकळी ठेवायची आणि ती सगळ्यात शेवटी भरायची. डिप्लोमाचा एखादा तयार प्लेअर आला किंवा फायनल इयरचा खरोखर चांगला कुणी असला, तर तो तिथे. आधी बघायचं की टीमला कमी काय पडतंय, मग नाव लिहायचं. आज आपण आधी नाव लिहितो आणि मग त्याला जागा शोधतो.

याला विरोध होणार हे मला माहीत आहे. झालाही. परवा कँटीनमध्ये माझाच एक रूम पार्टनर चिडून म्हणाला, "चार वर्षं वाट बघितली रे! शेवटचं गॅदरिंग आहे आपलं. नोकरी लागल्यावर कोण कबड्डी खेळणार आहे?" त्याचं म्हणणं खोटं नाही. मला त्याला पटेल असं उत्तर लगेच देता आलं नाही. आम्हीही ज्युनिअर असताना बाटल्याच भरल्या होत्या, आणि आता आमची पाळी आली तर नियम बदलायचा, हे कुणालाही खुपेल. पण ही पाळी कुणीतरी मोडल्याशिवाय संपणार नाही. आणि मोडायची तर ज्याची पाळी आहे त्यानेच मोडायला पाहिजे. ज्युनिअरने मोडली तर त्याला आपण माज म्हणतो.

दुसरा आक्षेप असा की पोरांवर भरवसा टाकून यश येईलच कशावरून? येईलच असं नाही. चॅम्पियन झाल्यानंतरच्या सीझनला पलटण पहिल्या सहांतही नव्हती. अस्लम दुखापतीने बाहेर बसला, शादलू हरियाणाला गेला आणि २९ डिसेंबर २०२४ ला हरियाणाने कप उचलला तोही आपल्या बालेवाडीत. यापेक्षा जास्त काय झोंबणार? पण पुढच्या सीझनला अस्लम परत आला, बरोबरची पोरं तीच होती, आणि टीम पुन्हा फायनलला. पाया असलेली टीम पडली तरी एका वर्षात उठते. आपण तीन वर्षं पडूनच आहोत, कारण दर वर्षी नव्याने पडतो.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा गॅदरिंगच्या टीमची यादी लागायची असेल. त्यात कॅप्टन म्हणून माझं नाव असेल, पण पहिल्या सातांत नसेल. माझ्या कव्हरच्या जागेवर सेकंड इयरचा एक पोरगा खेळणार आहे. आम्ही कदाचित यंदाही पहिल्या राउंडला हरू. तसं झालं तर त्या पोरांना शिव्या घालू नका. मला घाला, मी बाकावरच असेन, बाटल्यांच्या शेजारी. आणि कोडिंग क्लबमधल्या त्या मित्राला एकच सांगायचंय. राइट कॉर्नरची जागा मी अजून कुणाला दिलेली नाही. प्रॅक्टिस रोज साडेपाचला असते.