घर कोणाचें?

भिंतीवरील बटण दाबावें आणि उजेड पडावा, इतका साधा व्यवहार आजवर होता. ‘स्मार्ट होम’ या नांवाखालीं तो आतां पालटूं पाहत आहे. या नवलाईंत प्रथमच पाऊल टाकणाऱ्यास काय सोसावें लागतें याचा अनुभव आम्हीं नुकताच घेतला. त्यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, या धंद्यांत किंमत घेतली जाते वस्तूची, आणि गिऱ्हाइकाच्या पदरीं पडते ती वापरण्याची तात्पुरती परवानगी.

एक दिवा विकत आणला. तो पेटण्यापूर्वीं कंपनीचें ॲप, नवें खातें, ई-मेलचा पत्ता, घराचें ठिकाण आणि लांबलचक अटींस संमति, एवढें सगळें त्यास हवें होतें. फोन राउटरच्या पांच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडलेला, आणि दिव्यास २.४ खेरीज दुसरी भाषा कळत नव्हती. पंखा दुसऱ्या कंपनीचा, म्हणून त्याचें ॲप निराळें आणि खातेंही निराळें. मदत मागावी तर उत्तर तयार : “आपण नवखे आहांत, होईल संवय.” नवख्याची अडचण म्हणजे नवख्याचें अज्ञान, हें समीकरण आम्हांस मान्य नाहीं. संवय झालेला मनुष्य जो प्रश्न विसरतो, तो नवख्यासच सुचतो : माझा हात आणि माझ्याच खोलींतील दिवा यांच्यामध्यें दूरदेशींचा संगणक कशाला?

हा प्रश्न पोकळ नाहीं. घरांतील निरनिराळीं यंत्रें एकत्र चालविणारें ‘रिव्हॉल्व्ह’ नांवाचें उपकरण अमेरिकेंत सुमारें ३०० डॉलरांस विकलें जात होतें. सोबत आजीवन सेवेचें वचन होतें. २०१४ सालीं गूगलच्या नेस्ट कंपनीनें तो धंदा विकत घेतला आणि मे २०१६ मध्यें ती सेवा बंद केली. उपकरण मोडलें नव्हतें, मालकाकडे कांहीं थकलें नव्हतें. तरी त्याचा निर्जीव डबा झाला. एप्रिल २०२२ मध्यें इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेवांचून बंद पडले. जूनमध्यें तिच्या गिऱ्हाइकांपैकींच कांहींनीं ती विकत घेतली, तेव्हां कोठें ते पुन्हा चालू झाले. २० ऑक्टोबर २०२५ रोजीं ॲमेझॉनच्या व्हर्जिनियांतील संगणककेंद्रांत बिघाड झाला आणि कित्येक घरांतील अलेक्सा मुकी झाली.

प्रतिपक्षी म्हणतील कीं, अंथरुणास खिळलेल्या माणसास आवाजानें दिवा लावतां येणें ही केवढी सोय! ती आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. पण ज्याला उठून बटण दाबतां येत नाहीं, त्याचाच दिवा परस्वाधीन असणें सर्वांत घातक. दुसरें म्हणणें असें कीं, दूरच्या सर्व्हरवांचून हें चालणारच नाहीं. त्याचें खंडन या धंद्यानेंच केलें आहे. ॲपल, गूगल, ॲमेझॉन, सॅमसंग आदि कंपन्यांच्या सहकार्यानें ऑक्टोबर २०२२ मध्यें ‘मॅटर’ नांवाचें समान मानक प्रसिद्ध झालें. त्यानुसार निरनिराळ्या कंपन्यांचीं यंत्रें बाहेरच्या सर्व्हरशिवाय, घरच्या घरीं परस्परांशीं बोलूं शकतात. तेव्हां परावलंबन ही शास्त्राची गरज नव्हतीच. ती व्यापाऱ्याची सोय होती.

इंग्लंडांत १६०४ सालीं सेमेनच्या खटल्यांत, घर हा ज्याचा त्याचा किल्ला, हें तत्त्व न्यायासनानें उच्चारिलें. त्या किल्ल्याची किल्ली आपण आज स्वखुशीनें परक्याच्या हातीं देत आहों. त्याच देशांत एप्रिल २०२४ पासून, अशा यंत्रांस सुरक्षाविषयक सुधारणा किती काळ मिळतील हें निर्मात्यानें जाहीर करणें कायद्यानें भाग आहे. आमची मागणी याहून एक पाऊल पुढें आहे. इंटरनेट तुटलें तरी प्रत्येक यंत्रानें आपलें मूळ काम केलेंच पाहिजे, आणि सेवा किती वर्षें मिळेल तें वेष्टनावर किंमतीइतक्याच ठळक अक्षरांत छापलें पाहिजे. तोंपर्यंत नवख्यानें दुकानदारास एकच प्रश्न विचारावा : उद्यां कंपनी उठली तर माझा दिवा लागेल काय? उत्तर स्पष्ट न मिळाल्यास भिंतीवरील जुनें बटण काय वाईट आहे?